स्ट्रिंगर बेलकडून नेमकं काय शिकायचं?

गेल्या अंकात मी जाता जाता ‘द वायर’ या अमेरिकी मालिकेचं नाव घेतलं आणि या महिन्याचा टपाल-ईमेलचा गठ्ठा त्याच एका नावाने भरला. ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एचबीओ वाहिनीवर २००२ ते २००८ या काळात पाच सीझन आले, एकूण ६० भाग. गाव बाल्टिमोर. एका बाजूला रस्त्याच्या कोपऱ्यावर हेरॉइन विकणाऱ्या टोळ्या, दुसऱ्या बाजूला त्यांचे फोन ऐकणारं पोलिसांचं एक पथक. पुढच्या सीझनांत शहराची आणखी अंगं उलगडतात: बंदर, पालिकेचं राजकारण, शाळा, वर्तमानपत्र. लिहिणारे दोघे मुख्य. डेव्हिड सायमन हा ‘द बाल्टिमोर सन’चा गुन्हे वार्ताहर होता. एड बर्न्स खुनांच्या तपासातला पोलीस, निवृत्तीनंतर तो शाळेत शिकवायला गेला. खाली कथानक बिनदिक्कत फोडलेलं आहे. नंतर तक्रारी पाठवू नका.

ताई, मी एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या ग्रुपने प्रेझेंटेशनला ‘स्ट्रिंगर बेलकडून शिकण्यासारखे व्यवस्थापनाचे धडे’ हा विषय घेतलाय. तुमच्या मते त्याचा सर्वांत मोठा धडा कोणता? – एक विद्यार्थी, पुणे

अरे, विषय बदलायला वेळ असेल तर बदल. नसेल तर निदान पूर्ण हिशोब मांड.

तुम्हाला स्ट्रिंगर का भावतो ते कळतं. इद्रिस एल्बाने भूमिका केलीच आहे देखणी. टोळीचा दोन नंबरचा माणूस, पण संध्याकाळी कम्युनिटी कॉलेजात अर्थशास्त्राच्या वर्गाला बसतो. मागणीची लवचिकता वर्गात शिकतो आणि झेरॉक्सच्या दुकानातल्या आपल्या पोरांना समजावतो. गर्दविक्यांच्या बैठकीत सभाशास्त्राचे नियम लावतो: अध्यक्षांची परवानगी घेतल्याशिवाय कुणी बोलायचं नाही! नंतरच्या एका बैठकीत एक पोरगा इमानेइतबारे इतिवृत्त लिहायला बसतो आणि गुन्ह्याच्या कटाची टिपणं काढतोस म्हणून स्ट्रिंगर त्याच्यावर खेकसतो. मी तीस-पस्तीस वर्षं कोर्टात लघुलेखक होते, त्या प्रसंगाला मी खुर्चीतून पडायची बाकी होते. पुढे तो सगळ्या टोळ्यांची सहकारी संस्था काढतो. माल एकत्र घ्यायचा, कोपऱ्यांसाठी मारामारी नाही, मुडदे पडले नाहीत की पोलीसही येत नाहीत. स्लाइडवर छान दिसेल सगळं.

आता त्याच स्लाइडवर वॉलेस लिही. सोळा वर्षांचा पोरगा. टोळीत अगदी तळाला. पडक्या घरात बाहेरून वायर ओढून घेतलेली वीज, आणि कुणीच नसलेली सात-आठ लहान पोरं तो सांभाळतो. सकाळी शाळेला निघताना एकेकाच्या हातात ज्यूसचा डबा आणि चिप्सची पुडी. यानेच एका माणसाला ओळखून दिलं आणि त्या माणसाचे हाल हाल करून प्रेत याच्या घरासमोर टाकलं, तेव्हा पोरगा मोडला. पोलिसांशी बोलला. गावी आजीकडे गेला, करमलं नाही, परत आला. स्ट्रिंगरने व्यवस्थापकीय निर्णय घेतला: हा धोका आहे. आणि तो धोका निस्तरायला वॉलेसच्याच दोन मित्रांना पाठवलं. पुढच्या सीझनमध्ये टोळीचा मालक एव्हन याचा भाचा डी’अँजेलो तुरुंगात आहे. तो बोलेल अशी भीती, म्हणून स्ट्रिंगर त्याचाही गळा आवळवतो आणि आत्महत्या भासवतो. भागीदाराला, म्हणजे डी’अँजेलोच्या सख्ख्या मामाला, काही सांगत नाही.

आणि इतकं करून त्याला मिळालं काय? त्याला प्रतिष्ठित बिल्डर व्हायचं होतं. सिनेटर क्ले डेव्हिस सरकारी अनुदानाची गाजरं दाखवून त्याच्याकडून पैशांच्या बॅगा उकळतो, आणि हे रोजचंच आहे असं त्याचा स्वतःचा वकील त्याला सांगतो. रस्त्यावरचा एकही भामटा त्याला असा गंडवू शकला नसता. भागीदार एव्हन त्याला तोंडावर ऐकवतो, की तू इथल्यासाठी पुरेसा कठोर नाहीस आणि तिथल्यासाठी बहुतेक पुरेसा हुशार नाहीस. शेवटी तो मरतो तोही स्वतःच्याच अर्धवट बांधलेल्या इमारतीत, त्याच भागीदाराने पत्ता दिल्यावर. पोलीस मॅकनल्टी नंतर त्याच्या घरी जातो तर कपाटात ॲडम स्मिथ.

यातून व्यवस्थापनाचा धडा काढायचाच असेल तर हा काढ: धंद्याचा खर्च दिसत नसेल तर तो कुणाच्या अंगावर टाकलाय ते शोधा. इथे तो वॉलेसच्या अंगावर टाकलाय. तुमच्या प्राध्यापकांना आवडेल की नाही ठाऊक नाही.

मुलगा सोळा वर्षांचा, अकरावीत. रात्री मोबाइलवर ही मालिका पाहतो. ओमार नावाचं पात्र त्याला हीरो वाटतं. शिव्या तर कानावर हात ठेवण्यासारख्या. बंद करू का? हल्ली त्याचे मित्रही बदललेत आणि पैसे जास्त मागतो. – एक आई, नाशिक

ताई, ही दोन पत्रं आहेत. तुम्ही एकाच पाकिटात घातलीत.

आधी मालिकेचं. ती मोठ्यांसाठी आहे, हे खरं. पण सोळा वर्षांच्या मुलाने पाहायला सुरुवात केलीच असेल तर मोबाइल हिसकावण्यापेक्षा टीव्हीवर लावा आणि शेजारी बसा. शिव्यांना तुम्हीच लाजाल, तो नाही. ओमार आवडणं साहजिक आहे. हातात बंदूक घेऊन शीळ घालत येतो, फक्त गर्दविक्यांनाच लुटतो, बाहेरच्या माणसाच्या केसालाही धक्का लावत नाही, महिन्यातून एकदा आजीला चर्चमध्ये नेतो. पण तिसऱ्या सीझनमध्ये एक गोळीबार होतो आणि नंतर त्याच रस्त्यावर चिमुरडी पोरं खेळतात. भांडण कशावरून, तर आता ओमार कोण होणार यावरून. बंक नावाचा जाडा, सिगार ओढणारा तपास अधिकारी हे पाहतो आणि पुढे ओमारला गाठून त्याची हजेरी घेतो: आपण दोघं याच भागातले, इथे माणुसकी होती, आणि आज पोरं तुझं नाव घेऊन खेळतात. शेवटच्या सीझनमध्ये ओमार दुकानात सिगारेट घेताना मरतो. मारणारा शाळकरी पोर. वर्तमानपत्रात त्याच्या मरणाला जागा मिळत नाही, शवागारात त्याच्या नावाची चिठ्ठी दुसऱ्याच मुडद्याला लागलेली असते. मुलाबरोबर हे प्रसंग बघा. प्रवचन देऊ नका, नुसतं बघा.

आता दुसरं पत्र. मित्र बदलणं आणि पैसे मागणं याचा मालिकेशी संबंध जोडू नका. कदाचित काहीच नसेल, अकरावीत खर्च वाढतातच. पण तुम्हाला आईच्या पोटातून भीती वाटतेय तर ती बाजूला सारू नका. फक्त घरात पंचनामा करू नका: दप्तर उलटं करणं, खिसे तपासणं, भावाला साक्षीला उभं करणं. मी कोर्टाच्या व्हरांड्यात अशा खूप आया पाहिल्या. मुलगा कधीपासून नशा घेत होता, हे बहुतेकींना आरोपपत्राची प्रत हातात आल्यावर कळलं. घरात विचारणारे सगळे होते, ऐकणारं कुणी नव्हतं. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची १४४४६ ही निःशुल्क हेल्पलाइन आहे, मन हलकं करायला १४४१६ आहे. नुसतं विचारायला फोन केला तरी चालतो, मुलाला बरोबर न्यावं लागत नाही. पुण्याचं ‘मुक्तांगण’ १९८६ पासून हेच काम करतंय. तिथे घरच्यांशीही बोलतात, आणि माझ्या मते अर्धं काम तेच असतं.

तीन भाग पाहिले. काहीही घडत नाही. कोण कुणाचा माणूस हेच कळत नाही. लोक कशाला डोक्यावर घेतात? – त्रस्त, डोंबिवली

चौथा भाग पाहा. त्यात दोन पोलीस एका रिकाम्या स्वयंपाकघरात जुन्या खुनाची जागा तपासतात आणि जवळजवळ पाच मिनिटं एकाच शिवीखेरीज दुसरा शब्द उच्चारत नाहीत, तरी गोळी कुठून आली ते तुम्हाला स्वच्छ समजतं. तोही आवडला नाही तर सोडून द्या. एमी या अमेरिकी टीव्ही पुरस्कारांच्या परीक्षकांनाही आवडली नव्हती, सबंध मालिकेला एकही एमी मिळाला नाही. तुम्ही एकटे नाही.

मी विधी शाखेची विद्यार्थिनी. मालिकेतले पोलीस फोन ऐकण्यासाठी इतकी कागदपत्रं का करतात? आपल्याकडे असंच असतं का? – कोल्हापूर

हा माझ्या आवडीचा प्रश्न. बाकीच्यांनी हवं तर पान उलटावं.

अमेरिकेत १९६८च्या कायद्यानुसार फोन ऐकायचा तर न्यायाधीशाचा आदेश लागतो. नुसता संशय पुरत नाही, बाकीचे मार्ग करून पाहिले आणि जमलं नाही हे शपथपत्रावर दाखवावं लागतं. म्हणून पहिल्या सीझनमध्ये ती बिचारी मंडळी आधी उन्हातान्हात गच्चीवर बसतात, फोटो काढतात, पेजरचे नंबर जमवतात. पेजरवरचा आकडा सांकेतिक निघतो. तो उलगडतो प्रेझ, ज्याला सगळे बिनकामाचा समजत असतात. फोनच्या बटणांवर मधल्या ५ वरून उडी मारायची: १ च्या जागी ९, २ च्या जागी ८, आणि ५ व ० एकमेकांच्या जागी. डोकेबाज संकेत नाही, पण उभ्या उभ्या घाईत वापरता येतो, म्हणून टिकला. पुढे सार्वजनिक फोन ऐकायची परवानगी मिळते, तरीही गच्चीवर माणूस हवाच: या क्षणी फोनवर आहे तो आपलाच संशयित, हे कुणीतरी डोळ्यांनी पाहायला हवं. आणि बोलणं आईच्या दुखण्याचं निघालं की कान काढून घ्यायचा, तशी नोंद करायची.

आपल्याकडे जुन्या १८८५च्या तार कायद्याच्या कलम ५(२)खाली हे चालायचं. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये बंधनं घातली: आदेश गृहसचिवांचा आणि त्यावर आढावा समितीची नजर. न्यायाधीशाची पूर्वपरवानगी तेव्हाही नव्हती, २०२३च्या दूरसंचार कायद्यानंतरही नाही. परीक्षेत या फरकावर प्रश्न येईल न येईल, तू लक्षात ठेव.

एनडीपीएसच्या, म्हणजे अमली पदार्थ कायद्याच्या, खटल्यात आमच्याकडे सगळी लढाई जप्तीच्या कागदावर. अंगझडतीआधी आरोपीला सांगितलं का, की राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यांसमोर झडती घेण्याचा तुला हक्क आहे? हे कलम ५०. मुद्देमालावर लाखेचं सील कुणाचं, नमुना प्रयोगशाळेत कधी गेला, मधल्या काळात कुठे होता? पंच पिंजऱ्यात येऊन म्हणायचा, सही माझी आहे पण पोलीस स्टेशनात केली. फितूर. मी ते वाक्य इतक्यांदा टाइप केलंय की बोटं आपोआप चालायची. मालिकेतला लेस्टर फ्रीमन म्हणतो ते मला म्हणूनच पटतं: मालामागे गेलात तर गर्दुल्ले आणि विक्रेते हाती लागतील, पैशामागे गेलात तर कुठे पोचाल सांगता येत नाही. पैशामागे गेलेला तपास मला टाइप करायला फारसा मिळाला नाही. पुड्यांमागचे मिळाले, गठ्ठ्याने.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो. चौथा सीझन पाहताना दोनदा टीव्ही बंद करून बाहेर फिरून आलो. एवढंच कळवायचं होतं. – सातारा

गुरुजी, प्रश्न नसला तरी उत्तर देते.

प्रेझ, तोच संकेत उलगडणारा, पोलिसातून बाहेर पडून शाळेत गणित शिकवायला जातो. वर्गात कुणी ऐकत नाही. मग तो फासे आणतो आणि जुगारातून संभाव्यता शिकवतो, तेव्हा मागच्या बाकावरची पोरंही पुढे सरकतात. तेवढ्यात परीक्षा येते. वरून हुकूम: आता फक्त चाचणीत येणारे प्रश्न घोटून घ्या. बैठकीत बसल्या बसल्या त्याला उमगतं, की हे आपण आधी पाहिलंय. पोलिसातही हेच चालायचं. जबरी चोरीची साधी चोरी करायची, बलात्कार कागदावरून गायब करायचे, गुन्हे घटले असं दाखवायचं, म्हणजे मेजरचा कर्नल होतो. आकडा सुधारतो, शहर तिथेच राहतं.

बर्न्सने पोलीस आणि शाळा दोन्ही आतून पाहिल्या होत्या, म्हणून हे इतकं नेमकं उतरलं. आणि आमच्याकडे काय वेगळं होतं? महिनाअखेरीला निर्गतीचं, म्हणजे निकाली निघालेल्या खटल्यांचं, विवरणपत्र मीच टाइप करायचे. जुना, गुंतागुंतीचा, शंभर साक्षीदारांचा खटला निकाली निघाला तरी एक आणि कबुलीजबाबावर दंड भरून मोकळा झालेला जुगाराचा खटला निकाली निघाला तरी एक. शेवटच्या आठवड्यात कुठल्या फायली वर यायच्या ते शिपाईसुद्धा सांगू शकायचा.

तुम्ही कुठे थांबलात ते लिहिलं नाही, पण माझा अंदाज ड्यूकी. ज्याचे कपडे प्रेझ शाळेत धुऊन देतो, ज्याला डबा आणून देतो, तो हुशार पोरगा. पटसंख्येच्या नियमाने त्याला वरच्या शाळेत ढकलतात, तिथे तो टिकत नाही, आणि शेवटी दंडात सुई. चौघा मित्रांपैकी एकच, नेमंड, वाचतो. तो सगळ्यांत चांगला होता म्हणून नव्हे. एका निवृत्त पोलिसाने त्याला घरी नेला म्हणून. रँडी तितकाच गोड पोरगा होता, त्याला कुणी नेला नाही. आपलं पोर गुणाचं असलं की तरतं असं आपण म्हणतो ना गुरुजी, बाल्टिमोरच्या त्या वर्गात ते खोटं ठरतं.

पहिल्या सीझनमध्ये एक प्रसंग आहे, तुम्ही पाहिलाच असेल. वॉलेसकडे एक लहान मूल गृहपाठ घेऊन येतं: बसमध्ये इतके प्रवासी, इतके चढले, इतके उतरले. काही केल्या उत्तर येत नाही. वॉलेस तेच गणित पुड्यांत घालून विचारतो. झटक्यात बरोबर. हे कसं जमलं? तर तिथला हिशोब चुकला की मार बसतो. तुमच्या नोकरीत तुम्ही अशी किती पोरं पाहिली असतील, जी बाजारात पैशाला पैसा बरोबर देतात आणि वर्गात शून्य मिळवतात.

तिसऱ्या सीझनमध्ये एक पोलीस अधिकारी काही गल्ल्यांत ड्रग्ज विकायला मोकळीक देतो. म्हणजे मालिका ड्रग्ज कायदेशीर करा म्हणते का? – एक वाचक, सांगली

कॉल्विन ती मोकळीक वरिष्ठांना न सांगता देतो. ओसाड घरांचे तीन पट्टे निवडतो, पोरं त्याला ‘हॅमस्टरडॅम’ म्हणतात. बाकीचे कोपरे शांत होतात, म्हाताऱ्या बायका पायरीवर येऊन बसतात, आरोग्य कर्मचाऱ्यांना गर्दुल्ले एकाच जागी सापडतात, सुया बदलून देता येतात. पण रात्री बबल्स नावाचा गर्दुल्ला तिथून चालत जातो तो प्रसंग पाहा: अंधार, आरडाओरडा, मधे फिरणारी लहान पोरं. लेखक दोन्ही दाखवतात. बाहेर समजल्यावर राजकारणी बुलडोझर आणतात आणि कॉल्विनची पदावनती होते.

माझं मत विचाराल तर विकणाऱ्यावर दया नको, घेणाऱ्याला आरोपी म्हणून उभं करून काही हाती लागत नाही. आपल्या कायद्यातही थोडी फट आहे. हेरॉइन ५ ग्रॅमपेक्षा कमी तर अल्प मात्रा, २५० ग्रॅमपेक्षा जास्त तर व्यापारी मात्रा, शिक्षेत जमीन-अस्मानाचा फरक. नुसत्या सेवनाला एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि कलम ६४अ म्हणतं, की व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणार असेल तर सेवन किंवा अल्प मात्रेसाठी त्याच्यावर खटला चालवू नये. मी वापरलेलं क्वचित पाहिलं. वकिलांनी आठवण करून द्यायला हवी, आईबापांनी विचारायला हवं.

बबल्स सुधारतो ते खरं वाटत नाही. गर्दुल्ले सुधारतात का? – पनवेल

सुधारतात. बबल्सचं सुधारणं मला मालिकेतलं सगळ्यात खरं वाटतं, कारण त्याला पाच सीझन लागतात. मधे तो घसरतो. छळणाऱ्याचा काटा काढायला विषारी पुडी करून ठेवतो, ती त्याने पोटच्या पोरासारखा सांभाळलेला शेराड चुकून घेतो आणि मरतो. व्यसन सुटल्यावरही बहीण त्याला तळघरातच झोपू देते, वर यायचं दार कुलूपबंद. लोक तिला दुष्ट म्हणतात. तिच्या घरातली भांडीकुंडी किती वेळा विकली गेली असतील याचा विचार करा आणि मग म्हणा.

आणखी एक. तिसऱ्या सीझनपासून डीकन नावाचे एक सज्जन चर्चवाले दिसतात. ती भूमिका मेल्विन विल्यम्सने केली, जो स्वतः एके काळी बाल्टिमोरचा बडा हेरॉइनवाला होता. त्याला पकडणाऱ्यांत एड बर्न्स होता आणि त्याच्यावर वर्तमानपत्रात लिहिणारा सायमन. शिक्षा भोगून आलेल्या माणसाला त्या दोघांनी आपल्याच मालिकेत काम दिलं.

पाचव्या सीझनबद्दल कुणी काही लिहीत नाही. तुम्हीही? – ठाणे

मला तो कमी आवडतो. मॅकनल्टी तपासाला पैसे मिळावेत म्हणून खोटा क्रमवार खुनी उभा करतो, बेवारस प्रेतांच्या मनगटाला लाल रिबन बांधतो. चार सीझन इतकं संयमाने लिहिणाऱ्यांनी हे का केलं कळत नाही. वर्तमानपत्राच्या कचेरीत सायमन जुनी उणीदुणी काढतोय असंही जाणवतं. संपादक एकतर साधू नाहीतर लबाड. पण पुरावा उभा करायला कागद कसा रंगवतात आणि तो रंगवलेला कागद वरपर्यंत प्रत्येकाला सोयीचा कसा ठरतो, हे पाहायला तो बघाच. दुसरा सीझन गोदी कामगारांचा म्हणून वगळू नका, असं आणखी दोघांना कळवायचं होतं, तेही इथेच उरकते. पुढच्या महिन्यात गृहनिर्माण संस्थांची पत्रं घेणार आहे, पार्किंगवरून आलेली अकरा साठली आहेत.